होडीवरचे भाचे

पहाटे साडेचारला पहिली होडी काठाला लागते
तेव्हा माझी भट्टी पेटलेली असते.
मी एन्योनाम. व्होल्टाच्या काठावर, आग्बेकोपेत,
बावीस वर्षं माशांना धुरी देते.
पाण्याला इथं वास नाही.
वास येतो जाळ्यांना, आणि ओल्या पोरांना.

"हा कोण रे?"
"भाचा," क्वासिगा म्हणायचा, दोर गुंडाळत.
"आणि तो?"
"तोही भाचाच."
एकतीस होड्या, दर होडीत दोन-तीन भाचे,
आणि एवढ्या वर्षांत एकाही मामाकडे
बहीण आलेली मी पाहिली नाही,
ना सणाला, ना मयताला.
हिशोब मला चांगला येतो.
ही बेरीज तेवढी मी केली नाही.
मासा स्वस्त मिळत होता.

धरण बांधलं तेव्हा रान कुणी तोडलं नाही म्हणे,
पाणी चढत गेलं आणि झाडं उभ्याउभ्या बुडाली.
अजून आहेत. ओडुमचे बुंधे, काळ्या फांद्या,
घरटी असतील तर तीही.
जाळं त्या फांद्यांत अडकतं.
जाळं महाग.
पोराचे पैसे एकदाच देऊन झालेले.
म्हणून पोरगं खाली जातं.

एबो माझ्या भट्टीशी हात शेकायला यायचा.
बोटांची टोकं पांढरी, सुरकुतलेली,
आठ वर्षांच्या अंगाला म्हाताऱ्याचे हात लावल्यासारखे.
करपलेला तुकडा मी त्याला द्यायचे, विकला न जाणारा.
"गाव कुठलं तुझं?"
"तिथलं पाणी खारट आहे."
"आणि आई?"
"तिला वाटतं, मी शाळेत आहे."

एका सकाळी टोपली आली, एबो नाही.
"भाचा गावी गेला," क्वासिगा म्हणाला.
एबोची चड्डी
होडीच्या काठावर वाळत होती.

त्या दिवशी मी मासा घेतला नाही.
भट्टी विझली तेव्हा कोळसा उचलला
आणि मातीच्या भिंतीवर लिहिलं: एबो, मंगळवारचा.
कारण त्या किनाऱ्यावरच्या पोरांना
जन्माचं साल ठाऊक नसतं, वार असतो.
मग एकेक जण हात शेकायला आला
आणि नाव ठेवून गेला:
गुरुवारचा एकोव, शनिवारचा क्वामिना,
बुधवारचे क्वेकू दोन, एक तोतरा.

शेजारची आफी म्हणाली, "आमच्या पोटावर पाय देतेस."
खरंच होतं ते.
पाच बायकांनी माझ्याशी बोलणं टाकलं.
सहावी गुपचूप येऊन दोन नावं घालून गेली.
लस टोचायला येणाऱ्या जीफा नर्सनं
सगळी भिंत कागदावर उतरवली
आणि तालुक्याला नेली.

तीन महिने काहीच झालं नाही.
धुरानं नावं काळवंडायची,
मी दर रविवारी पुन्हा गिरवायचे.

मग मोटारबोट आली, खाकीतली माणसं, एक बाई.
सात पोरं सापडली.
"वय?" बाईनं विचारलं.
"शनिवार," क्वामिना म्हणाला.
ती लिहिता लिहिता थांबली.

क्वासिगाला नेताना त्यानं माझ्याकडे पाहिलं.
मला वाटलं, शिवी देईल.
"मीसुद्धा भाचाच होतो," म्हणाला,
"माझं नाव कुणी लिहिलं होतं?"
याला उत्तर माझ्याकडे नव्हतं. आजही नाही.

एबो त्या सातांत नव्हता.
गावी म्हणजे कुठल्या गावी,
हे पाणी सांगत नाही, क्वासिगाही नाही.
त्याचं नाव मी सगळ्यात वर ठेवलंय,
जिथं धूर कमी पोचतो.

आज पहाटे नवी होडी लागली.
नवा माणूस. टोपलीमागे एक कान, एक गुडघा.
"हा कोण रे?"
"भाचा."
"बरं," मी म्हटलं, "बहिणीचं नाव सांग."
आणि कोळसा उचलला.